कोठडीतला लेखक आणि मंडईतला प्रेक्षक

प्रश्न आला आहे ब्रह्मपुरीकडच्या एका तरुणाचा. त्यांच्या गावच्या मंडळाला यंदा मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, बाहेरची कंपनी न बोलावता स्वतःचं ऐतिहासिक नाटक करायचं आहे. विषय, लोकमान्य टिळकांचा मंडालेचा तुरुंगवास. तो विचारतो, "काका, सगळं नाटक एका कोठडीत आहे. हीरो बसून लिहिते, सरकार त्याले अडवते. आपला प्रेक्षक रातभर बसेल का? कागद चोरून बाहेर पाठवायचा सीन टाकू का? अन् आपल्या विदर्भातलं काही घालता येईल का?" पहिला अंकही सोबत पाठवला आहे.

बाबू, प्रेक्षक बसेल. पण तू पाठवलेल्या अंकाला बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या रातभर नाटकं बघणाऱ्या आपल्या मुलखात, मी तीसेक हंगाम काढले. आधी विंगेतला प्रॉम्प्टर, मग लेखक, मग दिग्दर्शक. प्रॉम्प्टरला एक गोष्ट नटाच्याही आधी कळते. कोणत्या वाक्याला पेंडालमधल्या शेंगा फोडण्याचा आवाज थांबतो, ती. वीसेक वर्षांमागं मी असंच एका कैदी लेखकाचं नाटक बसवलं होतं. नट देखणा, आवाज खडा. दुसऱ्या अंकात त्याला लेखणीच्या स्वातंत्र्यावर लांबलचक भाषण लिहून दिलं. तालमीत ते ऐकून माझ्याच अंगावर काटा यायचा. पहिल्या प्रयोगाला भाषण अर्ध्यावर आलं आणि लोक चहाला उठले. शेंगांचा आवाज तर एकदाही थांबला नाही. सकाळी आयोजकांच्या ओसरीवर बसलो होतो, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, तो एवढा बोलते, तं मंग त्याले बंदी कायची हाय?"

त्या म्हाताऱ्याला मी गुरू मानतो. नायक बिनधास्त बोलतोय, कोणी त्याचं तोंड दाबत नाही, मग प्रेक्षकानं कशासाठी जीव मुठीत धरायचा? तुझ्या पहिल्या अंकात टिळक 'अन्याय' हा शब्द अकरा वेळा उच्चारतात. मी मोजले. सगळे काढ. तो शब्द प्रेक्षकाच्या मनात यायला हवा आणि स्टेजवर कोणाच्याही तोंडी नको. सेन्सॉरच्या विषयावरचं नाटक याच्यावरच चालतं. जे बोललं जात नाही ते पेंडालमधल्या हजार माणसांना एकाच वेळी कळतं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबाला ते पकडता येत नाही.

आता खरं काय घडलं ते बघ. १९०८ च्या एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. त्यावर 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असे अग्रलेख आले. राजद्रोहाचं कलम १२४-अ लागलं. १३ जुलैला मुंबई हायकोर्टात न्या. दावर यांच्यापुढं खटला उभा राहिला. ज्युरीत नऊ जण, त्यांत सात युरोपियन आणि दोन हिंदी. निकाल सात विरुद्ध दोन. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. हे सगळं तू चाळीस मिनिटं चालवलं आहेस. दहात उरक. कोर्टाचा सीन लिहायला सोपा असतो, म्हणून सगळे तिथंच मुक्काम करतात.

खटल्यातली एक गोष्ट मात्र सोडू नकोस, आणि नेमकी तीच तुझ्या अंकात नाही. टिळकांच्या बचावातला मोठा मुद्दा भाषांतराचा होता. माझ्या मराठी शब्दांचं सरकारनं केलेलं इंग्रजी चुकीचं आहे, त्यातून भलताच अर्थ निघतो, असं ते ज्युरीला सांगत होते. ज्या सात माणसांनी त्यांना दोषी ठरवलं ती इंग्रजी कागद वाचून ठरवत होती.

तेव्हा मुंबई सरकारकडं ओरिएंटल ट्रान्सलेटरचं एक ऑफिस होतं. देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतं याचे सारांश इंग्रजीत करून साहेबांपुढं ठेवायचे, हे त्या ऑफिसचं काम. तुझा खलनायक तिथून उचल. तू पांढरा टोप घातलेला, टेबलावर मुठी आपटणारा इंग्रज आणलास. तो हास्यास्पद झाला आहे, आणि हास्यास्पद माणसाची भीती कोणाला वाटत नाही. त्याऐवजी एक मराठी भाषांतरकार कारकून घाल. काल्पनिक, नाव तूच दे. घरी आजारी आई, पोरीचं लग्न ठरलेलं, नोकरी सरकारची. त्याला 'केसरी'तली प्रत्येक म्हण कळते, प्रत्येक टोमणा कळतो. साहेब विचारतो, "याचा अर्थ काय?" आणि त्याला ठरवावं लागतं की किती सांगायचं. झाडीपट्टीत कॉमेडीशिवाय नाटक उभं राहत नाही हे तुला ठाऊक आहे. ती कॉमेडी याच माणसाकडून काढ. 'उंटावरून शेळ्या हाकणं' साहेबाला इंग्रजीत समजावून सांगताना पेंडाल हसून लोळेल. हसता हसता तिसऱ्या अंकात त्याच्यापुढं असं एक वाक्य येऊ दे, ज्याचं खरं भाषांतर केलं तर एक माणूस तुरुंगात जाईल आणि खोटं केलं तर हा स्वतः जाईल. त्या क्षणी शेंगा थांबतात की नाही बघ.

आता मंडाले. शिक्षेनंतर आधी साबरमती, मग सप्टेंबरमध्ये ब्रह्मदेशात. मंडालेची कोठडी लाकडी पट्ट्यांची होती. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत वारा आरपार. सेटसाठी ही आपली चैन आहे. आपल्याकडं बांबू हवा तेवढा, आणि बुरडकाम करणारी माणसंही. रंगवलेला दगडी पडदा लावू नकोस. बांबूच्या पट्ट्यांचा पिंजरा कर, मागून एक दिवा सोड, म्हणजे पट्ट्यांच्या सावल्या थेट नटाच्या अंगावर पडतात. खर्च फार नाही, आणि ट्रॅक्टरवर चढवून न्यायलाही सोपं.

तुझा खरा प्रश्न कागद चोरून नेण्याचा. टाकू नकोस. इतिहासात तसं झालं नाही, आणि झालं ते जास्त जीवघेणं आहे. टिळकांना सुटे कागद मिळत नव्हते. बांधलेली वही मिळायची, तिची पानं मोजलेली असायची, आणि लिहायला शाई नाही, फक्त पेन्सिल. एक पान फाडलं तरी हिशेब लागणार. अशा वह्यांवर त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात साधारण पाच महिन्यांत 'गीतारहस्य'चा खर्डा लिहिला. राजकारणावर लिहायला बंदी, म्हणून गीता. पण सबंध ग्रंथाचा रोख असा की ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही. आता हे राजकारण आहे की नाही, हे त्या कारकुनानं साहेबाला समजावून सांगावं. मजा बघ.

१९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली तेव्हा वह्या सरकारनं ठेवून घेतल्या. माणूस सोडला, वह्या अडकवल्या. मित्र काळजीत पडले. टिळकांचं म्हणणं, वह्या त्यांच्याकडं असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन. पुढं वह्या परत आल्या आणि १९१५ च्या जूनमध्ये पुस्तक छापून बाहेर पडलं. चोरून नेलेल्या कागदात हे कुठं सापडणार?

पानं मोजण्याचा सीन तू लिहच. माझ्या त्या फसलेल्या नाटकात मी नंतर तेवढाच बदल केला होता. भाषण काढलं, आणि तिथं एक वॉर्डर आणून बसवला. तो कैद्याच्या पुढ्यात बसून वही मोजतो. एक, दोन, तीन, चार. मध्येच आकडा चुकतो, परत पहिल्यापासून. कैदी गप्प. एका गावात तर लोक त्याच्याबरोबर मोजायला लागले. शेवटचं पान कमी भरतं की काय या धास्तीनं बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. पान काही कमी नव्हतं. वॉर्डरला आकडेच धड येत नव्हते. लोक हसले, पण तो हसण्याचा आवाज वेगळा होता.

आणखी दोन गोष्टी मंडालेतल्या. टिळकांना मधुमेह होता, पथ्य होतं, आणि स्वयंपाकाला कुलकर्णी आडनावाचा एक मराठी कैदीच दिलेला होता. अख्ख्या जगातून तोडलेल्या माणसाजवळ मराठी बोलायला हा एक जण. दुसरी, १९१२ च्या जूनमध्ये पुण्याला पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमी त्यांना तिकडं कोठडीत कळली. इथं तू रडण्याचं पद टाकलं आहेस. काढ. स्वयंपाक्यानं ताट आणून ठेवावं, आणि ते तसंच राहावं. एवढं बस. आपल्या बायांना ताट कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुरुंगात टिळक पेन्सिल घासत असताना बाहेर एक नाटकच बंद पडलं होतं, आणि तुझ्या अंकात त्याचा पत्ता नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे 'केसरी'तलेच, टिळकांच्या माणसांपैकी. त्यांचं 'कीचकवध' १९०७ ला स्टेजवर आलं. गोष्ट महाभारतातली. पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री होऊन विराटाच्या राणीकडं चाकरीला, कीचक तिच्यावर हात टाकू बघतो. धर्म कंकभट म्हणून दरबारात बसून सबुरी सांगतो, आणि भीम बल्लव आचारी होऊन दात खात बसलेला. नाटकात कुठंही व्हाइसरॉय कर्झन नाही, इंग्रज नाही, काँग्रेस नाही. पण महाराष्ट्रातल्या पोराटोरांना कळत होतं की कीचक कोण, सैरंध्री कोण, सबुरीवाला मवाळ कोण आणि भीम कोण. व्हॅलेंटाइन चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारानं १९१० च्या आपल्या पुस्तकात या नाटकावर लिहिलं, आणि तो आपल्या सगळ्यांपेक्षा हुशार निघाला. त्यानं स्टेजबरोबर प्रेक्षकही बघितले. बायांच्या डोळ्यांतलं पाणी आणि पुरुषांचे आवळलेले चेहरे बघून नाटक कशाबद्दल आहे ते त्यानं ओळखलं. १९१० च्या जानेवारीत सरकारनं १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली प्रयोग बंद केले.

पुण्यात सैरंध्रीच्या डोळ्यांत पाणी आणि मंडालेला वहीची मोजणी. दोन्ही एकाच वर्षात येतात बघ. १९१० ची सुरुवात नाटकबंदीनं, शेवट 'गीतारहस्य'च्या पहिल्या पानांनी. तुझा मधला अंक इथं आहे, आणि तो एका कोठडीत अडकलेला नाही.

त्याला झाडीचं रूप कसं द्यायचं ते सांगतो. 'कीचकवधा'तले प्रवेश उचलायचे नाहीत. त्याऐवजी आपल्याकडच्या एका गावात दंडार, म्हणजे आपलं नाचगाण्याचं लोकनाट्य, चालू आहे असं दाखव. कीचकाचंच आख्यान, पण आपल्या बोलीत, आपल्या चालीत. कारकुनाला वरून हुकूम आला आहे की असली आख्यानं कुठं कुठं चालतात ते बघून ये. तो लोकांत येऊन बसतो, हातात टिपणवही. हा भाग काल्पनिक आहे हे सुरुवातीला सूत्रधाराकडून साफ सांगून टाक, लपवू नकोस. लोक रागावत नाहीत. खोटं खऱ्यासारखं विकलं तर मात्र रागावतात, आणि बरोबरच आहे.

सगळ्यात सोपी चूक इथं होईल. दिग्दर्शक म्हणेल, एकाच नटाला साहेब आणि कीचक दोन्ही करायला देऊ, लोकांना लगेच कळेल. लगेच कळेल म्हणूनच करू नकोस. कोडं तू सोडवून दिलंस तर प्रेक्षकाला काय काम उरलं? दुहेरी भूमिका द्यायचीच तर मंडालेचा स्वयंपाकी आणि दंडारीतला भीम एकाच नटाला दे. दोघंही आचारी. एकाच्या हातात टिळकांचं पथ्याचं ताट, दुसऱ्याच्या हातात विराटाच्या मुदपाकखान्यातला झारा. कोणी काही बोलायचं नाही. रात्री दोन वाजता एखाद्याला ते दिसेल, तो शेजाऱ्याला कोपरानं ढोसेल. तो ढोसतो तेव्हा तुझं नाटक खाली पोचलं असं समज.

गाण्यांचं म्हणशील तर टिळकांनी गायचं नाही. एक ओळ नाही, मंडळ कितीही मागं लागलं तरी. गाणी दंडारीला दे, सैरंध्रीला दे. आणि मंडळ डान्ससाठी अडून बसणारच, तिकीट विकायचं असतं त्यांना. त्याचीही सोय व्यासांनीच करून ठेवली आहे. अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या मुलीला, उत्तरेला, नाच शिकवतो. घाला काय घालायचं ते. फक्त त्या नाचाच्या वेळी कारकून टिपणवही बंद करून टाळ्या वाजवताना दिसला पाहिजे, कारण त्यात त्याला आक्षेपार्ह काही सापडत नाही.

बोलीबद्दल. टिळकांना झाडीबोलीत बोलवू नकोस, स्वयंपाक्यालाही नको. ती माणसं तिकडची, त्यांना त्यांची भाषा राहू दे. दंडारवाले मात्र पक्के आपले. कारकुनाला दोन्ही भाषा येऊ दे. ऑफिसात पुस्तकी बोलतो आणि दंडार बघताना नकळत "अरे बाप्पा" म्हणतो. त्याचं मन कुठल्या बाजूला आहे ते तेवढ्यावरून कळेल.

विदर्भाचं काही घालता येईल का, असं विचारलंस. भरपूर आहे, पण सगळं एकाच नाटकात कोंबू नकोस. या नाटकात अमरावतीचे दादासाहेब खापर्डे येतात ते ओढूनताणून नाहीत. शिक्षा झाल्यावर ऑगस्ट १९०८ मध्येच ते विलायतेला निघाले, टिळकांचं अपील प्रिव्ही कौन्सिलपुढं, म्हणजे तिथल्या वरच्या कोर्टापुढं, नेण्यासाठी, आणि दोनेक वर्षं तिकडं राहिले. हाती काही लागलं नाही. वऱ्हाडातला थाटामाटाचा वकील लंडनच्या धुक्यात एकेका दाराची पायरी चढतोय, एवढा एक छोटा प्रवेश पुरे. नागपूरच्या 'देशसेवक'चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनाही त्याच धामधुमीत राजद्रोहासाठी तुरुंग झाला. त्यांचं नाव कारकुनाच्या फायलीत येऊ दे. साहेबानं नावं वाचावीत, त्यात नागपूर ऐकलं की पेंडाल सावरून बसतं.

तुकडोजी महाराजांना आणायचा मोह तुला होईल. १९४२ मध्ये त्यांनाही पकडून नागपूर आणि रायपूरच्या जेलात ठेवलं होतं, भजनांमुळं सरकार बिथरलं होतं, सगळं खरं. पण महाराज स्टेजवर आले की आपले लोक हात जोडतात. एकदा हात जोडले की पुढं कोणाला सेन्सॉरची धास्ती वाटणार? त्यांच्यासाठी वेगळी रात्र, वेगळं नाटक.

पुढच्या वर्षीसाठी मात्र एक विषय डोक्यात ठेव. १६ ऑगस्ट १९४२ ला चलेजाव आंदोलनात चिमूरला जो उठाव झाला तो तुझ्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. त्यानंतर गावातल्या बायांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी साठाहून जास्त दिवस उपास केला. सरकारनं त्या उपासाची बातमी छापायलाच बंदी घातली. मग ६ जानेवारी १९४३ ला देशभरातल्या वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढला नाही. चिमूर तुझ्या गावापासून किती लांब ते तूच बघ. पण तो विषय लिहायला जरा हात तयार व्हावा लागेल, आणि तिथल्या घरांत जाऊन आधी बसावं लागेल.

परवानगीचं काम हंगामाच्या तोंडावर टाकू नकोस. तो १८७६ चा कायदा संसदेनं अलीकडंच मोडीत काढला, पण आपल्या राज्यात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. सेन्सॉरवरचं नाटक तपासायला पाठवताना मलाही हसू आलं होतं. शिवाय लाउडस्पीकर आणि रात्रीच्या वेळेसाठी ठाण्यातली परवानगी वेगळी. मंडळातल्या एकाच माणसाच्या गळ्यात ते काम बांध, आणि तो माणूस तू असू नकोस. लेखक ठाण्यात हेलपाटे घालू लागला की तालीम बुडते.

भूमिका वाटताना गावातला सगळ्यात लाडका, लोकांना हसवणारा नट कारकुनाला दे, टिळकांना नको. टिळकांसाठी गप्प बसता येणारा माणूस शोध. तो नट नसला तरी चालेल. तुमच्या शाळेतले एखादे निवृत्त गुरुजी बघ. पाठ ताठ ठेवून अर्धा तास मान न वळवता लिहिता आलं पाहिजे. तालमीत त्याला खरीच वही आणि खरीच पेन्सिल दे, नुसता हात हलवायला लावू नकोस. खरं लिहिणाऱ्या माणसाचा खांदा वेगळा हलतो, मागच्या रांगेतूनसुद्धा कळतं. वही शिवलेली घे, स्पायरलची नको. पानांवर आकडे तू स्वतः घाल, आणि वॉर्डर होणाऱ्या पोराला ते किती आहेत ते सांगू नकोस.

दुसरा अंक पोळ्यापर्यंत लिहून पाठव. दसऱ्याला तालीम लागली तर दिवाळीनंतरच्या मंडईला नाटक उभं राहतं. मी येईन, पण विंगेत बसेन. तिथून शेंगा नीट ऐकू येतात.